हातात राहिलेली मासोळी

भाऊ,

तुझ्या तेरवीला आलेल्या निम्म्या लोकांशी मी भांडले, हे आधीच सांगून टाकते. तू असतास तर म्हणाला असतास, "बेबीले काई सबूर नाई." नव्हतीच कधी. जो तो जेवून हात धुताना हळहळत होता, "मिर्गीनंच नेलं बिचाऱ्याले शेवटी." मी एकेकाला थांबवून सांगत होते की मिर्गीने नाही, छातीत कळ आली म्हणून गेला, भरदुपारी, चिंचेखाली जाळं सांधत बसलेला असताना, सुई हातातच होती. लोक मान डोलवायचे आणि दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच म्हणायचे. एकोणीस वर्षं तू रोजची गोळी एक दिवस चुकवली नाहीस. शेवटचा मोठा झटका पायल जन्मायच्या आधीचा. तरी गावाच्या लेखी तू मिर्गीवालाच राहिलास.

आज तेरवीचा दुसरा दिवस. वहिनी आत पडली आहे. पायलने तिच्या वहीतली पानं फाडून दिली आहेत आणि मी पडवीत तुझ्या जागेवर बसून लिहिते आहे. उद्याच्या बसने चंद्रपूरला परत जायचं. तिथे दवाखान्यात मी लोकांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लाटांचा आलेख काढते. तू त्याला 'डोक्याचा कागद' म्हणायचास. आता मीही पेशंटना तेच म्हणते, त्यांना लवकर कळतं. त्या कागदावरूनच आपलं शेवटचं भांडण झालं आणि ते अर्धं राहिलं. अर्धं राहिलं ते माझ्यामुळे. मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. ती सांगितल्याशिवाय मला उद्याची बस धरवणार नाही.

पण आधी माय आणि तिचे कप.

आपल्या घरात सकाळचा चहा हातात देत नाहीत. कप समोर जमिनीवर ठेवायचा, ज्याने त्याने आपल्या सवडीने उचलायचा. सारवलेल्या भुईवर कप टेकल्याचा आवाज झाला की आपण उठायचो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. माझ्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले तेव्हाही मायने सवयीने सहाच्या सहा कप त्यांच्या पायाशी ठेवले. मोठ्या पाहुण्यांचं तोंड एवढंसं झालं. तू लगेच म्हणालास, "आमच्या इथी पयला मान भूमीले, मंग पाव्हण्याले." ते इतके खूश झाले की सोयरीक तिथेच पक्की झाली. माझ्या सासरी आजही कौतुकाने सांगतात की बेबीच्या माहेरी फार जुनी रीत आहे.

रीत कसली! बाबांचा हात उडायचा म्हणून. उठल्यावर पहिला तासभर त्यांचे हात त्यांच्या ताब्यात नसत. मध्येच एक हिसका बसायचा आणि हातात असेल ते भिंतीवर जायचं. याला घरात कुणी कधी आजार म्हटलं नाही. बाबा म्हणायचे, "जलमभर जाळं ओढलं ना, म्हून हातात मासोळी राह्यते. ऊन चढलं का उतरते." मोठा मासा जाळ्यात आला की दोरीला जसा हिसका बसतो अगदी तसाच तो होता, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. आजोबांचाही हात उडायचा म्हणे. वस्तीतल्या बाकीच्या घरांतले लोकही जाळी ओढत होतेच की, त्यांचे हात उडत नव्हते. पण आपण त्याचाही आपल्या सोयीचा अर्थ काढला, की आपल्या घराला मासोळी जास्त लागते. तू सोळा वर्षांचा असताना एका सकाळी तुझ्या हातातली भाकर उडून कोंबड्यांत पडली. बाबांनी वस्तीभर सांगितलं, "पोट्ट्याच्या हातात मासोळी आली, आता ढिवर झाला." तू चार दिवस छाती काढून फिरत होतास.

मग मार्कंड्याची ती जत्रा. महाशिवरात्रीला आपली वस्ती डोंगे घेऊन जायची, वैनगंगेच्या पलीकडून जत्रेकरूंना आणायला. तू एकोणीस वर्षांचा होतास, मी तेरा. दोन दिवस तू डोंगा वल्हवलास, डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी घाटावर चूळ भरता भरता तुझे दोन्ही हात उडाले आणि तू आडवा झालास. अंग ताठ, मग थरथर. लोकांना वाटलं, अंगात आलं. एका बाईने कपाळाला कुंकू लावलं, दोघांनी पायावर डोकं ठेवलं, एकाने तर विचारूनही घेतलं की पोराला नोकरी कधी लागेल. तेवढ्यात तुझ्या तोंडाला फेस आला आणि तीच माणसं चप्पल घेऊन तुझ्या नाकाशी धावली. पुढे ही गोष्ट तू स्वतःच रंगवून सांगायचास. "पाच मिनिटं देव होतो बाप्पा, मंग सीधा चपलेवर आलो." आम्ही हसायचो. त्या सकाळी मात्र घाटाच्या पायरीवर तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले असताना मला जितकी भीती वाटली, तितकी नंतर कधी वाटली नाही. तू गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा नाही.

त्यानंतर आठ वर्षं मायने तुला पाण्यात जाऊ दिलं नाही. ताईत झाले, गंडे झाले, एका म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून तू वर्षभर कांदा खाल्ला नाहीस. ढिवराचा पोरगा आणि काठावर बसून दुसऱ्यांची फाटलेली जाळी सांधत होतास. मला पुढे शिकवायचं नाही असं बाबांनी ठरवलं ते याच वर्षांत, आणि तू आडवा आलास. "मी त बसलोच काठावर. तिले त जाऊ द्या." म्हणून मी आधी गडचिरोलीला आणि मग नागपूरला गेले. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, आपल्यात तशी पद्धत नाही. आज मानते, भाऊ. फार उशिरा मानते.

नागपूरला वर्गात एक दिवस बाई शिकवत होत्या. एक मिर्गी अशी असते, म्हणाल्या, की वयात येताना सुरू होते. सकाळी उठल्या उठल्या हात उडतात, हातातला कप पडतो, जागरण झालं की मोठा झटका येतो. आणि ती पुष्कळदा रक्तातून येते. नाकडोळे जसे आईबापाकडून येतात तसा मेंदूच्या लाटांचा तालही बराचसा त्यांच्याकडूनच येतो. सगळ्या मुली लिहून घेत होत्या. मी काही लिहिलं नाही. मला मायचे कप ऐकू येत होते. आजोबा, बाबा, तू. मासोळी कुठेच नव्हती.

नोकरी लागली त्याच महिन्यात मी तुला चंद्रपूरला घेऊन आले. बसमध्ये खिडकीशी बसलास आणि सागाचं जंगल लागलं तसा तू एक डोळा तळहाताने झाकून घेतलास. मी हसले. म्हटलं, हे काय नवीन नाटक? तू म्हणालास, "झाडाईतून ऊन लपकझपक करते, तं डोक्यात काहीतरी हलते. एक डोळा झाकला का बंद. दोन्ही मिटले त उलट जास्त होते." दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. म्हणाले, लुकलुकत्या उजेडाने ज्यांना त्रास होतो त्यांना आम्ही हाच उपाय सांगतो, पुस्तकात वाचून. याला कुणी शिकवलं? मी म्हटलं, सागाच्या झाडांनी. गावी परतल्यावर तू महिनाभर प्रत्येकाला सांगत होतास की चंद्रपूरच्या डॉक्टरने आपल्याकडून एक गोष्ट शिकून घेतली. इतकंही काही झालं नव्हतं, पण मी कधी खोडून काढलं नाही.

तुझा कागद मीच काढला. टेपने डोकं मोजून खुणा करत होते तेव्हा तू विचारलंस, "टोपी शिवून राह्यली का मले?" लेप लावून एकेक तार चिकटवली. डोळे मीट म्हटलं, उघड म्हटलं, जोरजोरात श्वास घ्यायला लावला, दिवा लुकलुकवला. झाल्यावर तुला पडद्यासमोर बसवलं. बारीक लाटा चालल्या होत्या, चालल्या होत्या, आणि एका जागी सगळ्या रेषा एकदम टोकं काढून उसळल्या. तू पडद्यावर बोट ठेवलंस. "हे पाह्य," तू म्हणालास, "पाण्यात मासोळीच त आहे." त्या दिवशी मला वाटलं, बाबा अगदीच चुकले नव्हते.

मग केसांतला लेप पुसता पुसता तू सहज विचारलंस, "तुहा कागद काढला का कधी?"

"काढला," मी म्हणाले.

"कसा आहे?"

"साफ आहे."

तुझा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलवेना. "बरं झालं," तू म्हणालास. "एक तरी साफ निघाली घरातली."

भाऊ, तो साफ नव्हता.

शिकताना आम्ही एकमेकींचेच कागद काढायचो, हात बसावा म्हणून. माझी पाळी आली, मी खाटेवर पडले, मैत्रिणीने दिवा लावला आणि थोड्या वेळाने ती बोलायची थांबली. बाई आल्या. त्यांनी कागद पाहिला आणि हळूच विचारलं, "घरात कुणाला आहे का ग?" मी म्हणाले, नाही. तुझ्या कागदावर जी टोकं आहेत तीच माझ्याही कागदावर आहेत. थोडी कमी, थोडी बुटकी, पण तीच. मला मोठा झटका कधी आला नाही. परीक्षेच्या एका सकाळी हातातला पेला उडाला होता, आणखी दोनतीनदा असंच काही. मी तर आयुष्यात जाळं ओढलं नव्हतं. आपल्याकडे बायका मासे विकतात, जाळं ओढत नाहीत. त्यामुळे माझ्या हाताला मासोळीचं निमित्तही नव्हतं. मी झोप झाली नाही म्हणून सोडून दिलं.

तुझ्यापासून का लपवलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू त्या 'साफ' शब्दाने सुखावला होतास, ते सुख का काढून घ्या. ऐकायला बरं वाटतं. पण नागपूरच्या बाईंशी खोटं बोलले तेव्हा तू कुठे होतास तिथे? मला साफ राहायचं होतं, एवढंच. नोकरी, लग्न, सासर सगळं होतं डोक्यात. मी दिवसभर लोकांना सांगते, यात लाजायचं काही नाही, आणि माझा कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आहे. माय होती तोवर माहेरी आले की मी तिच्या हातातला कप भुईला टेकायच्या आत हातात घ्यायचे. तू सगळ्यांना दाखवायचास, "मॅडमचा हात पाहा, दगड आहे दगड." आणि मी तो मान घ्यायचे. तुला वाटायचं, घरात आता तू एकटाच असा उरलास. मी समोर बसून तुला तसं वाटू दिलं.

गोळीने तुला पाणी परत मिळालं, याचं मात्र मला अजून समाधान आहे. डॉक्टरांनी अटी घातल्या होत्या. जागरण नाही, पहाटेचं पाणी नाही, एकट्याने तर नाहीच. वस्ती जाळी काढून परतायची तेव्हा तू कुणाला तरी सोबतीला पकडून निघायचास, आणि लोक म्हणायचे, "साहेब निघाले हापिसले." तोवर मासे काय तुझ्यासाठी थांबणार होते? पण तू कधी अट मोडली नाहीस. पहिल्या दिवशी डोंग्यातून उतरून आलास आणि मला फोनवर नुसतं म्हणालास, "ओला होऊन आलो."

गेल्या दिवाळीत पायलच्या हातातून दात घासायचा ब्रश उडून नळापाशी पडला. दहावीचं वर्ष, उशिरापर्यंत जागून अभ्यास चाललेला. तिने आपला हात असा पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. तू पाहिलंस, मीही पाहिलं. दुपारी मी म्हणाले, हिला घेऊन चंद्रपूरला ये, कागद काढू.

"काढाचा नाई," तू म्हणालास.

"काऊन?"

"आता नुसता हात उडून राह्यला. कागद निघाला का ते नशीब होते."

मी चिडले. म्हणाले, कागद म्हणजे नशीब नव्हे. एकाच घरात कुणाच्या कागदावर टोकं असतात आणि जन्मभर काही होत नाही, कुणाला गोळी लागते आणि गोळीवर भागतं. तुझंच बघ ना. तू म्हणालास, मले समजते ते सगळं. मी म्हणाले, मग भितोस कशाला?

"भितो. बाप आहो ना मी. माह्याकडूनच गेलं तिले." मग जाळ्याची एक गाठ घट्ट करत म्हणालास, "तुले नाई समजत, बेबी. तुहा साफ आहे."

अगदी जिभेवर आलं होतं. वहिनीने समोर अनारशांचं ताट ठेवलं होतं. मी एक अनारसा उचलून तोंडात घातला आणि तो संपेपर्यंत बोलले नाही. संपल्यावर तू दुसराच विषय काढलास. त्यानंतर आपण फोनवर थंडीचं बोललो, जाळ्याच्या दोऱ्याचं बोललो, वहिनीच्या गुडघ्याचं बोललो. पुढच्या खेपेला सांगू असं मी ठरवलं होतं. पुढच्या खेपेला आले ती तुला पोचवायला आले.

आता आज सकाळचं सांगते. हे तेरा दिवस घरात कुणाची धड झोप झालेली नाही. पायलने चहा केला. मला हातात दिला, मॅडमला हातातच द्यायचा हे तिला लहानपणापासून माहीत. वहिनीचा खाली ठेवला. तिचा स्वतःचा उचलला आणि तिचा हात उडाला. कप तुझ्या या जागेवरच फुटला. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. पायल तुकडे वेचत बसली. रडत नव्हती. खाली बघूनच तिने विचारलं, "आत्या, मी त जाळं कधी ओढलंच नाई. मंग माह्या हातात मासोळी आली कुठून?"

तिलाही तू तेच सांगितलं होतंस तर. मला तुझा राग आला नाही. दुसरं काय सांगणार होतास?

मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आजोबा, बाबा, मार्कंड्याचा घाट, वर्गातल्या बाई. तुझा कागद सांगितला. मग माझा सांगितला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते आणि तेही पंधरा वर्षांच्या पोरीला.

तिने विचारलं, "मंग तुले फिट येते?"

"नाही. हात उडाला आहे दोनचारदा."

"मले येईल?"

"माहीत नाही ग. म्हणूनच बघायचं. आली तर गोळी आहे. तुझा बाप एकोणीस वर्षं गोळीवर उभा होता ना?"

तिने शेवटचा तुकडा वेचला. मग म्हणाली, "बाबाले माहीत होतं, तुहाबी असाच आहे म्हून?"

"नाही."

"सांगाचं ना, आत्या." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "त्याले बरं वाटलं असतं."

तेरवीला मी ज्यांच्याशी भांडले त्यांच्यापैकी एकानेही तुझं इतकं वाईट केलं नव्हतं. तू आयुष्यभर मला काठावरून पलीकडे पाठवलंस आणि मी पलीकडे जाऊन, आपण तुझ्या घरच्याच नाही असं वागले. तू माफ केलं असतंस, हे मला माहीत आहे. एक टपली मारून केलं असतंस. पण ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

पायल उद्या माझ्याबरोबर बसमध्ये आहे. ती स्वतःच म्हणाली, चाल, येतो मी. वहिनी तयार आहे. सागाचं जंगल लागलं की एक डोळा झाकायला मी तिला सांगेन, आणि हे कुणी शोधून काढलं तेही सांगेन.

तुकडे टाकून आल्यावर तिने दुसरा कप आणून त्यात स्वतःसाठी चहा ओतला आणि भुईवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी माझा कप अजून तसाच धरून बसले होते, एक घोटही घेतला नव्हता. तिने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि आपल्या कपाशेजारी खाली ठेवला. सारवलेल्या भुईवर तो टेकल्याचा आवाज झाला, मायच्या कपांचा व्हायचा तसाच.

"आता तू बी खालूनच घे," ती म्हणाली.

मी खालून घेतला, भाऊ.